दफ्तरी, हेसाबू, पेसा : केनियातील दहा दिवस

माहिती-व्यवस्थेचे धोरण हा विषय मी पुण्यात रुग्णालय-व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना अनेक वर्षे शिकवत आले आहे, आणि त्या सगळ्या वर्षांत माझ्या व्याख्यानांत आफ्रिका यायची ती दोनच रूपांत : एक तर एम-पेसा या मोबाइल फोनवरून पैसे पाठवण्याच्या केनियातल्या सेवेचे यश म्हणून, नाहीतर परदेशी मदत संपताच बंद पडलेल्या प्रकल्पांचे उदाहरण म्हणून. या दोन टोकांच्या मधे जी असंख्य कार्यालये आणि दवाखाने रोज आपापली नोंद ठेवत असतात, त्यांच्याविषयी मी वाचले होते. त्यांच्या टेबलाशेजारी कधी बसले नव्हते. म्हणून एका अभ्यासदौऱ्यात केनियाला जाण्याची संधी आली, तेव्हा यजमानांना मी एकच विनंती केली की, मला सादरीकरणे कमी आणि नोंदवह्या जास्त दाखवा. त्यांनी ती मनापासून पाळली.

रविवार, २ नोव्हेंबर २०२५ : नैरोबी

मुंबईहून सुमारे सहा तासांचा प्रवास करून दुपारी उतरले. प्रवेशाची परवानगी घरूनच ऑनलाइन काढली होती. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी ही पद्धत आणली आहे. विमानतळावर पासपोर्ट दाखवून सिम कार्ड घेतले, त्याच कार्डावर एम-पेसाचे खाते सुरू झाले, आणि खात्यात रोख रक्कम भरण्यासाठी मुक्कामाजवळच्या एका हिरव्या रंगाच्या टपरीवर गेले.

त्या टपरीत मी अर्धा तास उभी होते. काउंटरवर शाळेच्या मुलांची असते तशी एक रेघी वही होती. तिच्यात हाताने उभे रकाने आखलेले होते : तारीख, ओळखपत्राचा क्रमांक, फोन क्रमांक, रक्कम, सही. एजंट बाई आधी नोटा मोजायची, मग स्वतःच्या साध्या बटणांच्या फोनवरून व्यवहार करायची, आणि दोन्ही फोनवर पावतीचा संदेश आल्याशिवाय वही पुढे सरकवायची नाही. संदेशातला दहा अक्षरांचा व्यवहार-क्रमांक ती वहीत बारीक अक्षरात उतरवून घेत होती. रोख रक्कम आणि खात्यातली शिल्लक, ज्याला इथे ‘फ्लोट’ म्हणतात, यांची बेरीज दिवसभर एकच राहिली पाहिजे, हा तिचा हिशेब. सकाळी तिने किती पैसे कुठल्या रूपात ठेवावेत हे रस्त्यावरची गर्दी पाहून ठरते. पगाराच्या आठवड्यात लोक रोख काढतात, म्हणून नोटा जास्त लागतात, आणि शाळेची फी भरण्याच्या दिवसांत फ्लोट जास्त लागतो.

एम-पेसाची कथा मी वर्गात नेहमी सांगते, पण ती या टपरीपासून सुरू करायला हवी होती असे आता वाटते. २००५ साली थिका आणि नैरोबीत जो प्रायोगिक उपक्रम सुरू झाला, त्याचा हेतू पैसे पाठवणे हा नव्हता. एका सूक्ष्मवित्त संस्थेच्या कर्जदारांना हप्ते फोनवरून फेडता यावेत एवढाच होता. प्रत्यक्षात माणसे ते पैसे एकमेकांना पाठवू लागली. राबवणाऱ्यांनी हा गैरवापर मानला नाही, तर मूळ आराखडा बाजूला ठेवून मार्च २००७ मध्ये सेवा सुरू केली ती घरी पैसे पाठवण्याची. संस्थेचे धोरण बऱ्याचदा आधी लिहिले जाते आणि मग लोकांना त्याच्यात बसवले जाते. इथे लोकांनी जे केले त्यावरून धोरण पुन्हा लिहिले गेले. या सेवेचे सर्व्हर सुरुवातीची अनेक वर्षे जर्मनीत होते, ते २०१५ मध्ये केनियात आले. आणि २०२० मध्ये व्होडाफोनकडून एम-पेसाची मालकी सफारीकॉम आणि व्होडाकॉम या आफ्रिकी कंपन्यांच्या संयुक्त उपक्रमाकडे आली. हे दोन टप्पे माझ्या टिपणांत तळटीप म्हणून होते. या दौऱ्यात ते मला मूळ मजकूर वाटू लागले.

‘पेसा’ हा शब्द स्वाहिलीत आपल्या ‘पैसा’वरून गेला. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत १९२० पर्यंत चलनही रुपयाच होते. रात्री यजमानांनी आणखी दोन शब्द सांगितले : हिशेबाला ‘हेसाबू’, आणि नोंदवहीला ‘दफ्तरी’. अरबी-फारसीच्या वाटेने आलेले हे शब्द आपल्याकडे दफ्तर आणि हिशेब होऊन बसले, तसेच तिथेही. पुढचे नऊ दिवस मी या तीन शब्दांभोवतीच फिरत होते.

सोमवार, ३ नोव्हेंबर : नैरोबी

आजचा दिवस आरोग्य खात्यात पूर्वी काम केलेल्या आणि आता शिकवणाऱ्या मंडळींबरोबर गेला. शिक्षकाला इथे ‘म्वालिमू’ म्हणतात, आणि पहिल्या दहा मिनिटांतच मी सगळ्यांची म्वालिमू झाले.

विषय होता डीएचआयएस-२, म्हणजे देशभरातल्या आरोग्य केंद्रांची मासिक आकडेवारी गोळा करणारी प्रणाली. तिचे मूळ दक्षिण आफ्रिकेत आहे. वर्णभेदाच्या काळात तिथली आरोग्यसेवा वंशानुसार आणि तथाकथित होमलँडनुसार, म्हणजे कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या काढलेल्या प्रदेशांनुसार, तुकड्यांत विभागलेली होती. १९९४ नंतर ते तुकडे जोडायचे, तर सगळ्यांनी मोजायच्या गोष्टी आधी एक हव्या होत्या. त्या गरजेतून केपटाऊनमध्ये पहिली आवृत्ती तयार झाली. ऑस्लो विद्यापीठाने हे काम पुढे नेले, आणि इंटरनेटवर चालणारी दुसरी आवृत्ती पहिल्यांदा वापरली गेली ती २००६ साली आपल्या केरळात. आज सत्तरहून अधिक देशांत ती आहे. ही वाट मला महत्त्वाची वाटते, कारण तंत्रज्ञान युरोप-अमेरिकेतून निघते आणि आफ्रिकेत पोचते, हा समज या एका उदाहरणाने खोटा ठरतो.

केनियाचा निर्णय त्याहून बोधक आहे. तोवर जिल्ह्यांतून एक्सेलची पत्रके नैरोबीला पाठवली जात. त्यांच्यात चुका असत, आणि जिल्ह्याला स्वतःचेच आकडे पुन्हा हाती येत नसत. नव्या प्रणालीचा पहिला विचार असा होता की, प्रत्येक जिल्ह्यात एक संगणक सर्व्हर म्हणून ठेवावा, कारण ग्रामीण भागात इंटरनेट मिळणार नाही असे सर्वांनी गृहीत धरले होते. मग काही जणांनी प्रत्यक्ष गावांत जाऊन मोबाइलचे मोडेम लावून पाहिले. ते चालले. त्या एका फेरीने शेकडो सर्व्हर विकत घेण्याचा, त्यांना वीज पुरवण्याचा, विषाणूंपासून जपण्याचा आणि प्रत्येकासाठी तंत्रज्ञ नेमण्याचा संपूर्ण आराखडा बदलला. कोस्ट प्रांतात प्रयोग झाला, आणि २०११ मध्ये एकाच मध्यवर्ती सर्व्हरवर देशभर काम सुरू झाले. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला असे करणाऱ्या पहिल्या देशांत केनिया होता.

“कागदावरचे अंतर आणि मोडेमचे अंतर यांत फार फरक निघाला,” एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले. त्यांनी हे सांगताना खिशातून जुना मोडेम काढून टेबलावर ठेवला. तो त्यांनी जपून ठेवला आहे.

दोनच वर्षांनी दुसरा धक्का आला. २०१० च्या राज्यघटनेनुसार २०१३ मध्ये आठ प्रांतांची रचना जाऊन ४७ काउंट्या, म्हणजे स्वतःचा कारभार असलेले जिल्ह्यांसारखे विभाग, आले, आणि आरोग्यसेवेचा बहुतेक कारभार त्यांच्याकडे गेला. प्रणालीतली संस्थांची उतरंड, म्हणजे कोणते केंद्र कोणाच्या हाताखाली, ही नव्याने मांडावी लागली. तीही जुने आकडे न तोडता, कारण मागच्या वर्षाशी तुलना झाली नाही तर आकड्याला अर्थ उरत नाही. सॉफ्टवेअर हे करू शकले याचे कारण ती उतरंड त्याच्यात पक्की कोरलेली नव्हती, बदलता येण्याजोगी ठेवलेली होती. माझ्या विद्यार्थ्यांना मी लवचिकता हा शब्द देत असे. पुढच्या वर्षी हे उदाहरण देईन.

संध्याकाळी जुन्या बाजाराच्या भागातून फिरताना यजमानांनी डॉ. रोझेंडो रिबेरो यांची आठवण काढली. मूळ गोव्याचे हे डॉक्टर विसाव्या शतकाच्या आरंभी झेब्र्यावर बसून रुग्ण पाहायला जात. १९०२ मध्ये इथल्या भारतीय बाजारात गाठीचा प्लेग आल्याचे त्यांनी ओळखले आणि अधिकाऱ्यांना कळवले. त्यावर सरकारने अख्खा बाजार जाळून टाकला. ब्रिटिश राजवटीत इथल्या कचेऱ्यांची दफ्तरे सांभाळणाऱ्या कारकुनांतही गोव्याची माणसे पुष्कळ होती. नोंद करणारा आणि निर्णय घेणारा यांच्यातले अंतर किती महाग पडते, याचा विचार मी त्या जाळलेल्या बाजाराच्या जागेवरून चालताना करत राहिले.

मंगळवार, ४ नोव्हेंबर : नैरोबी ते मोंबासा

२०१७ मध्ये सुरू झालेल्या नव्या रेल्वेने पाच-साडेपाच तासांत मोंबासा. तिकीट फोनवर काढले, पैसे फोनवर दिले. त्सावोच्या तांबड्या मातीतून गाडी जात असताना दोन्ही बाजूंना हत्ती दिसतात, आणि मी इतरांसारखीच खिडकीला चिकटून होते. पण समुद्राकडे जाताना मनात दुसरीच गोष्ट होती. २००९ पर्यंत पूर्व आफ्रिकेच्या या किनाऱ्यावर समुद्राखालची एकही ऑप्टिकल फायबर केबल आलेली नव्हती. जगाशी जोडणी महागड्या उपग्रहांवरून होत असे. त्या वर्षी सीकॉम आणि टीम्स या दोन केबली मोंबाशाला आल्या. काल ऐकलेला २०११ चा मध्यवर्ती सर्व्हरचा निर्णय दोन वर्षे आधी घेतला असता, तर तो कदाचित फसला असता. चांगल्या धोरणात वेळ साधण्याचा वाटा किती असतो, हे यशाच्या कथांत सहसा सांगितले जात नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर : क्वाले

मोंबासा शहर बेटावर आहे. दक्षिणेकडे जायचे तर लिकोनीची फेरी. पायी जाणाऱ्यांना ती मोफत, त्यामुळे सकाळी माणसांचा नुसता पूर असतो. पलीकडे क्वाले काउंटी : नारळ, काजू, लाल माती. काही वळणांवर आपण रत्नागिरी जिल्ह्यात आहोत असे मला खरोखर वाटले.

इथल्या एका लहान आरोग्य केंद्रात मी पूर्ण दिवस होते. पाच तारीख मुद्दाम निवडली होती. मागच्या महिन्याचे गोषवारे केंद्रांनी पाच तारखेपर्यंत उपकाउंटीच्या कार्यालयात द्यायचे, आणि पंधरा तारखेपर्यंत ते प्रणालीत भरून व्हायचे, असा नियम आहे. केंद्राच्या नोंदणी अधिकारी तिशीतल्या होत्या. मोठ्या वयाच्या प्रत्येक बाईला त्या ‘मामा’ म्हणत होत्या, आणि दुपारपर्यंत मीही मामा झाले.

टेबलावर गरोदर मातांचे आडवे, जाडजूड रजिस्टर होते. त्याचा क्रमांक ४०५. एका बाईची एक ओळ, आणि ओळीत इतके रकाने की शेवटचा रकाना वाचताना पहिला हाताखाली झाकला जातो. त्या लाकडी पट्टी ओळीखाली धरून, ओठांत पुटपुटत मोजत होत्या. पहिल्या तपासणीला आलेल्या किती, चौथ्या तपासणीला किती, लोहाच्या गोळ्या किती जणींना दिल्या. मोजून झाले की आकडा ७११ क्रमांकाच्या मासिक पत्रकात पेन्सिलीने मांडायचा, मग तेच पान खालून वर पुन्हा मोजायचे, आणि दोन्ही आकडे जुळले तरच पेनाने गिरवायचे. बाहेर पाऊस कोसळत होता, वीज गेली होती, आणि त्यांनी टेबल खिडकीशी ओढून घेतले. “हेसाबू दोनदा,” त्या मला म्हणाल्या.

एक आकडा जुळेना. तपासणीला आलेल्या बायांपेक्षा लोहाच्या गोळ्या मिळालेल्या बाया जास्त निघत होत्या. संगणकात भरताना नेमकी हीच विसंगती प्रणाली पकडते आणि लाल खूण दाखवते. नैरोबीत बसलेल्या माणसाला ती चूक वाटेल. त्यांनी रजिस्टरची पाने उलटत समासातल्या बारीक टिपा मला वाचून दाखवल्या. शेजारच्या एका केंद्रात गोळ्यांचा साठा संपला होता, म्हणून तिथल्या बाया चालत इथे आल्या होत्या. त्यांची तपासणी आधीच तिकडे झालेली असल्यामुळे इथे त्यांना नव्याने मोजायचे नव्हते. गोळ्या मात्र इथल्याच साठ्यातून गेल्या होत्या. आकडा बरोबर होता. चूक आकड्यात नव्हती, पुरवठ्यात होती, आणि ती या एका टेबलावर कळली होती. प्रणालीत प्रत्येक खान्याला टीप जोडण्याची सोय आहे, आणि त्या ती नेमाने जोडतात. वरच्या पातळीवर ती कोणी उघडून पाहते का, या माझ्या प्रश्नावर त्यांनी पट्टी दुसऱ्या ओळीखाली सरकवली आणि मोजणी पुढे सुरू केली.

मला हा प्रसंग या सगळ्या विषयाचे सार वाटतो. आपण प्रमाणीकरण, पूर्णता, वेळेवर भरणा हे निकष लावतो, आणि ते लावलेच पाहिजेत. परंतु विसंगती म्हणजे फक्त दुरुस्त करायची गोष्ट असे धरले, तर संस्था स्वतःचे डोळे स्वतःच झाकते. लाल खूण दिसली की फोन उचलून “काय झाले?” असे विचारणारा माणूस उपकाउंटीत आहे की “दुरुस्त करून पाठवा” म्हणणारा, यावर त्या प्रणालीची खरी किंमत ठरते. तो माणूस नेमणे, त्याला फोनचे पैसे देणे, त्याला वेळ देणे हे धोरणच आहे, जरी कुठल्याही धोरणपत्रात त्याचे प्रकरण नसले तरी.

दुसरे ओझेही तिथेच दिसले. काही रजिस्टरे सरकारी, काही एखाद्या परदेशी निधीच्या कार्यक्रमासाठी वेगळी. तीच बाई, तीच तपासणी, आणि परिचारिका ती दोन ठिकाणी लिहिते. निधी देणाऱ्याला आपला आकडा आपल्या साच्यात हवा असतो, आणि तो साचा भरणारे बोट मात्र एकच असते.

दुपारी पाऊस थांबल्यावर बाहेरचा काळा फळा दाखवायला त्यांनी मला नेले. वस्तीपातळीच्या आकड्यांसाठी केनियात खडूने लिहायचा एक अधिकृत नमुनाच आहे, क्रमांक ५१६ : किती घरे, किती गरोदर बाया, किती मुलांचे लसीकरण. आकडे वर जातात तसे गावासमोरही लिहिले जातात. जवळच एक आरोग्य स्वयंसेविका बसली होती. आपल्या आशाताईंसारखेच तिचे काम. २०२३ च्या सप्टेंबरात सरकारने अशा एक लाख स्वयंसेवकांना किट आणि फोन द्यायला सुरुवात केली, आणि त्यांना महिन्याला ५,००० शिलिंग मानधन ठरले, निम्मे केंद्र सरकारचे आणि निम्मे काउंटीचे. तिने फोनवर घरभेटीचे पान उघडून दाखवले. मी विचारले, वही बंद केली का? तिने पिशवीतून वही काढली. फोनची बॅटरी जाते, आणि वहीची जात नाही, हे कारण तिने इतक्या गांभीर्याने सांगितले की त्यात सुधारणा सुचवावी असे मला काही आढळले नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर : मोंबासा

आज बंदराची बाजू पाहिली, म्हणजे प्रत्यक्ष धक्का नव्हे, तर मालाची सोडवणूक करणाऱ्या एका दलालाचे कार्यालय. युगांडा आणि रवांडाचाही माल या बंदरातून आत जातो, म्हणून इथला एक दिवसाचा उशीर शेकडो किलोमीटर आतल्या दुकानात जाणवतो.

२००५ मध्ये केनियाच्या सीमाशुल्क विभागाने जी ‘सिंबा’ प्रणाली आणली, ती सेनेगलच्या सीमाशुल्क प्रणालीवर बेतलेली होती. एका आफ्रिकी देशाने दुसऱ्या आफ्रिकी देशाचे सॉफ्टवेअर घेऊन आपले सीमाशुल्क चालवले, ही गोष्ट आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत मला कुठेही भेटलेली नाही. पुढे केनट्रेड ही संस्था स्थापन झाली आणि २०१३ पासून एक-खिडकी पद्धत आली : मानके, वनस्पती-आरोग्य, बंदर-आरोग्य अशा अनेक खात्यांचे परवाने एकाच ठिकाणी अर्ज करून मिळावेत म्हणून. दलालाच्या कार्यालयातल्या सगळ्यात जुन्या माणसाने कपाट उघडून जुन्या दिवसांतल्या फायली दाखवल्या, आणि पूर्वी एक खेप सोडवण्यासाठी ज्या खात्यांच्या दारात कागद घेऊन फिरावे लागे त्यांची नावे बोटांवर मोजली. त्याचे म्हणणे असे की, खिडकी एक झाली तरी खिडकीमागची माणसे अजून वेगवेगळ्या वेळी जेवायला जातात. प्रत्येक खात्याचे नियम, शुल्क आणि अधिकार कायद्याने वेगळे. सॉफ्टवेअर त्यांना एका पडद्यावर आणते, एका निर्णयावर आणत नाही. तेवढे काम मंत्रालयांना आपसात बसूनच करावे लागते.

शुक्रवार, ७ आणि शनिवार, ८ नोव्हेंबर : मोंबासा ते एल्डोरेट

शुक्रवारी रेल्वेने नैरोबीला परत, आणि शनिवारी मोटारीने तीनशेहून अधिक किलोमीटर उत्तर-पश्चिमेला. रिफ्ट खोऱ्याच्या कड्यावरून खाली पाहताना छाती दडपते. नाकुरूच्या पुढे विषुववृत्त ओलांडले. रस्ता चढत जातो तसा गारवा वाढतो, आणि एल्डोरेटला पोचेपर्यंत मी शाल गुंडाळली होती.

रविवार, ९ नोव्हेंबर : एल्डोरेट

सुट्टीचा दिवस असूनही एक प्रोग्रामर आपल्या बायको-मुलांसह मला भेटायला आला, आणि चहावर तीन तास बोलत बसला. ओपनएमआरएस ही रुग्णांच्या नोंदींची मुक्त प्रणाली २००४ मध्ये आकार घेऊ लागली आणि २००६ च्या सुरुवातीला इथे, एल्डोरेटमध्ये, प्रत्यक्ष कामाला लागली. मोई विद्यापीठ आणि अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या दीर्घ सहकार्यातून एचआयव्हीचा जो कार्यक्रम उभा राहिला, त्याचे रुग्ण इतक्या वेगाने वाढले की जुनी प्रणाली पुरेना. जुन्या पद्धतीत डॉक्टरांनी नवा प्रश्न विचारायचा ठरवला की तक्त्यात नवा रकाना जोडावा लागे आणि प्रोग्रामरला बोलवावे लागे. नव्या रचनेत वैद्यकीय संकल्पनांचा एक कोश मध्यभागी ठेवला. वजन, खोकला, औषधाचे नाव, हे सगळे त्या कोशातले शब्द. नवा प्रश्न म्हणजे कोशात नवा शब्द, आणि ते काम रुग्णालयातला माणूस स्वतः करू शकतो. याच ओपनएमआरएसवर पुढे आपल्याकडे छत्तीसगडमधील गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोगाच्या रुग्णालयासाठी ‘बाह्मणी’ ही प्रणाली बांधली गेली, आणि ती आता आफ्रिकेतही वापरात आहे. मी हे सांगितल्यावर त्याने लगेच लॅपटॉप उघडून तिचा कोड मला दाखवला. त्याला ती माझ्यापेक्षा अधिक माहीत होती.

मग बोलणे शेजारच्या युगांडाकडे वळले. तिथे आरोग्याचे इतके प्रायोगिक डिजिटल प्रकल्प सुरू झाले होते, आणि त्यांतले इतके थोडे पुढे टिकले, की जानेवारी २०१२ मध्ये आरोग्य मंत्रालयाने परवानगीशिवायच्या नव्या प्रकल्पांवर बंदीच घातली. प्रोग्रामरच्या मते तो आफ्रिकेतला सगळ्यात धाडसी माहिती-धोरणाचा निर्णय होता, कारण त्यात काहीही विकत घ्यायचे नव्हते, फक्त नाही म्हणायचे होते. मला ते पटले. नकार देण्याची ताकद हे स्वायत्ततेचे पहिले लक्षण असते.

सोमवार, १० नोव्हेंबर : मोसोरिओट

एल्डोरेटपासून अर्ध्या-पाऊण तासावर नांदी काउंटीत मोसोरिओट आहे. चहाचे मळे आणि मका. २००१ च्या फेब्रुवारीत इथल्या आरोग्य केंद्रात संगणकीय रुग्णनोंद सुरू झाली, आणि ओपनएमआरएसची बीजे इथलीच. मी स्मारक पाहायला आल्यासारखी आले होते. दिसला तो नेहमीच्या सोमवारचा दवाखाना : बाकांवर बसलेल्या आया, रडणारी मुले, आणि खिडकीपाशी ओळखक्रमांकाचे कार्ड पुढे करणारे हात.

या भागातल्या कार्यक्रमांत रुग्णक्रमांकाच्या शेवटी एक तपासणीचा अंक असतो. आधीच्या सगळ्या आकड्यांवर ठरावीक गणित करून तो काढतात, त्यामुळे लिहिताना कोणी एक आकडा चुकवला किंवा शेजारचे दोन आकडे उलटे लिहिले, तर शेवटचा अंक सहसा जुळत नाही आणि संगणक तो क्रमांक घेत नाही. इथल्या एका कारकुनाने मला ते करून दाखवले : मुद्दाम दोन आकडे उलटे टाकले, पडद्याने नकार दिला. एकाच नावाची अनेक माणसे, जन्मतारीख अंदाजे, पत्ता म्हणजे जवळची टेकडी, अशा ठिकाणी चुकीच्या माणसाला दुसऱ्याचे औषध जाऊ नये म्हणून हा एक अंक वीस-पंचवीस वर्षे पहारा देतो आहे. माझ्या सगळ्या प्रवासात मी पाहिलेले सगळ्यात सुंदर तंत्रज्ञान हेच होते.

बाकांवरच्या गर्दीच्या मानाने संगणकांपाशी माणसे कमी होती. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत रोखली, तेव्हा देशभर अनेक एचआयव्ही कार्यक्रमांत करारावर नेमलेली नोंदणीची माणसे घरी बसली. प्रणाली बंद पडणे म्हणजे पडदा काळा होणे असे आपल्याला वाटते. इथे पडदा चालू राहतो आणि समोरची खुर्ची रिकामी होते. ज्या केंद्रांनी ही कामे कायम कर्मचाऱ्यांनाही शिकवून ठेवली होती त्यांचे काम हळू झाले, पण सुरू राहिले, असे इथल्या मंडळींनी सांगितले.

मंगळवार, ११ नोव्हेंबर : नैरोबी

शेवटच्या दिवशी एका काउंटीच्या माहिती अधिकाऱ्याबरोबर बसले. २०२३ च्या डिजिटल आरोग्य कायद्याने आरोग्याच्या माहितीची मालकी, गोपनीयता आणि देशातल्या प्रणालींचे परस्परांशी जोडले जाणे यांसाठी चौकट घालून दिली आहे, आणि २०१९ पासून वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही आहे. पण त्याने मला कायदे दाखवले नाहीत. एक कागद दाखवला. डाव्या बाजूला काउंटीतल्या प्रत्येक प्रणालीचे नाव, आणि पुढे चार रकाने : सर्व्हरचे पैसे कोण देतो, कधीपर्यंत देणार, तो थांबला तर कोण देईल, आणि पासवर्ड कोणाकडे आहे. बऱ्याच ओळींत तिसरा रकाना रिकामा होता. फेब्रुवारीपासून तो दर महिन्याला एक रिकामी जागा भरण्याचा प्रयत्न करतो आहे. कधी अंदाजपत्रकात तरतूद मिळवून, कधी दोन प्रणाली एक करून, आणि एकदा एक प्रणाली सरळ बंद करून. मी त्याची परवानगी घेऊन रकान्यांची शीर्षके उतरवून घेतली. माझ्या अभ्यासक्रमातली एक संपूर्ण चौकट आता या चार रकान्यांसाठी जागा करून देणार आहे.

शनिवार, १५ नोव्हेंबर : पुणे

संध्याकाळी क्वालेहून संदेश आला. ७११ वेळेत भरून झाला होता. लोहाच्या गोळ्यांच्या खान्यापुढे लाल खूण तशीच होती, आणि तिच्यावरची टीप कोणीतरी उघडून पाहिली होती. उपकाउंटीहून फोन आला, आणि शेजारच्या केंद्राला सोमवारी गोळ्या निघणार आहेत, असे त्यांनी लिहिले होते. खाली त्यांनी विचारले होते, मामा, तुमच्याकडच्या रजिस्टरमध्ये समास किती रुंद असतो?